सातवा दिवा कुणी लावला

६ ऑगस्ट, मंगळवार

शुक्रवारी ‘सात दिवे’ या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग येतोय. सव्वीस वर्षांनी. पाववाल्या बाईपासून नाक्यावरच्या मोटोटॅक्सीवाल्यांपर्यंत जो तो विचारतोय, काय एल्मर, झोप लागते की नाही? नाही लागत. पण त्यांना वाटतं त्या कारणाने नाही.

ही वही बायकोच्या, नेलीच्या हाती लागू नये म्हणून दुकानात, कवळ्यांच्या साच्यांच्या खणात ठेवतोय. दिवसभर लोकांना खोटे दात करून देणाऱ्या माणसाने निदान वहीत तरी खरं लिहावं. तर लिहितो.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या कोमास वस्तीत या खेळाची अस्सल डिस्क कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. बाजारात एकच ठेला, ठेल्यावर एकच नक्कल, आणि बाकी सगळ्या नकला तिच्यावरून काढलेल्या. त्या पहिल्या नकलेतच खोट होती. खेळातला नायक कादो मशाल घेऊन सातव्या दिव्यापाशी पोचला, त्याने हात वर केला, की पडदा काळा. प्रत्येक घरात, त्याच जागी. गल्लीतली वीस-पंचवीस पोरं आळीपाळीने त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहायची. पुढे काय होतं? त्याची हरवलेली बहीण सापडते का? दिवा लागतो का?

मी तेरा वर्षांचा. बुटका, चष्मेवाला, फुटबॉलला शेवटी उरलो तर घ्यायचे. सुट्टीत ताक्नाला आत्याकडे गेलो आणि आलो तो सांगतच, आत्याच्या शेजाऱ्यांकडे खरी डिस्क आहे, मी शेवट पाहिला. तीन दुपारी माझा दोस्त यूरी याच्या गच्चीच्या कठड्यावर बसून मी तो सांगितला. आतून बहीण इरेना स्वतः सातवा दिवा लावते, बुडालेलं शहर समुद्रातून वर येतं आणि कादो गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणतो, “उशिरा आलो, पण आलो.” गल्लीतली मारिबेल रडली होती. चौथ्या दिवशी मला फुटबॉलला सगळ्यात आधी घेतलं.

यूरीने पुढे ते वाक्य दंडावर गोंदवून घेतलं. स्वतःच्या लग्नाला चर्चमध्ये पाऊण तास उशिरा पोचला तेव्हा बायकोला तेच म्हणाला आणि अख्खी गल्ली टाळ्या पिटत होती. मीही पिटत होतो.

आत्याच्या शेजाऱ्यांकडे कोंबड्या होत्या. दुसरं काही नव्हतं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

दारावर ‘सामान आणायला गेलो आहे’ची पाटी लावून दिवसभर मागच्या खोलीत खेळलो. ठरलंय की रविवारी यूरीकडे सगळ्यांनी मिळून सुरू करायचं. पहिल्याच्या शेवटाशी दुसरा भाग कसा जमतो ते बघत. म्हणून आधी बघून ठेवावं म्हटलं.

जमत नाही. कसा जमेल? खरा शेवट मला सतरा वर्षांपासून माहीत आहे. २००७ साली लांबच्या मोहल्ल्यातल्या इंटरनेटच्या दुकानात कोपऱ्यातली खुर्ची धरून पाहिला होता. इरेना कादोला म्हणते, लावू नकोस. आणि तो स्वतःच्या हाताने मशाल पाण्यात बुडवून घरी परत जातो. संपलं. शहर पाण्याखाली, अंधारात. दुसरा भाग तिथूनच सुरू होतो. इरेना म्हातारी झालीये, त्या काळोख्या शहरात एकटी राहते, आणि आपण तीच असतो. भिंतीला हात लावत चालायचं. दिसत काहीच नाही, पाण्याचा आवाज आणि आपला श्वास. वाट चुकली की ती स्वतःशीच पुटपुटते. कुणी सोडवायला येणार नाही हे तिला ठाऊक आहे आणि त्याचं तिला काही वाटत नाही.

वहीत लिहायला काय जातं, मला हा भाग पहिल्याहून सरस वाटला. एका ठिकाणी ती पायरीवर बसून नुसती दम खाते, तिथे मी चष्मा पुसला.

आणि रविवारी हे सगळ्यांसमोर लागणार. पहिल्या पाच मिनिटांत माझं पितळ उघडं पडणार. बरं, यूरीचं इंटरनेट म्हणजे सिमेंट-सळीचे भाव, आणि मारिबेलला दवाखान्यातल्या ड्युट्यांतून मान वर करायला सवड नाही. म्हणून तर इतकी वर्षं निभावलं.

११ ऑगस्ट, रविवार

निभावलं. कसं ते देवाला ठाऊक.

यूरीने हार्डवेअरच्या दुकानाचं शटर ओढलं, वर दिवाणखान्यात टीव्ही, परातभर खारे मक्याचे दाणे, मारिबेलने आणलेला चिचा, जांभळ्या मक्याचं सरबत. अंधारातलं शहर आलं. म्हातारी इरेना आली. मारिबेल माझ्याकडे बघून म्हणाली, “बघ हं एल्मर, काय करून ठेवलंय यांनी. तुला राग आला असेल नाही?” यूरी उठून आणखी दाणे आणायला गेला. परात भरलेली होती तरी गेला.

मी मोठ्याने म्हणालो की हा घात आहे. निर्मात्यांनी स्वतःचाच शेवट पुसून टाकला, नव्या पोरांना खूष करायला. दोघं मान हलवत होते. यूरी म्हणाला, हो रे, शहर वर आलेलं बरं होतं. किती भोळी माणसं आहेत ही. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी पडद्याकडे बघत शिव्या देत राहिलो.

१२ ऑगस्ट, सोमवार

आमच्या गल्लीचं ‘सात दिवे’चं इंटरनेटवरचं पान मी चालवतो. चारशे लोक आहेत, त्यातले निम्मे आता इथे राहतही नाहीत. कुणी मिलानला, कुणी सांतियागोला. सगळे माझ्या निकालाची वाट बघत होते. लिहून टाकलं: ‘ज्यांनी पहिला भाग शेवटपर्यंत पाहिलाय त्यांना हा दुसरा भाग म्हणजे थोबाडीत आहे.’

शेवटपर्यंत पाहिलाय! लिहिताना बोट थरथरलं नाही. ज्या माणसांनी एक चांगली गोष्ट केली त्यांना मी चारचौघांत खोटारडं ठरवलं, कारण मी खोटारडा आहे. गाढव. नुसता गाढव नाही, कावेबाज गाढव.

१५ ऑगस्ट, गुरुवार

पानावर ऐंशी उत्तरं आली. बहुतेकांनी लिहिलंय, आपल्याला आपला जुना शेवटच प्यारा. मारिबेल लिहिते, ‘एल्मरच्या शेवटाला तोड नाही.’ माझा शेवट म्हणतेय, म्हणजे मी सांगितलेला. साधी बाई.

आज दुकानात यायला उशीर झाला म्हणून आतल्या गल्लीने न जाता नाक्यावरून गेलो आणि पर्सी हिगा समोर आला. एमोलिएन्तेची, म्हणजे गरम काढ्याची गाडी, वाफ, भोवती चालकांचं कोंडाळं. तो पेल्यातून पेल्यात ओतत होता. त्याने वर पाहिलं, मी फोनवर बोलतोय असं दाखवलं. फोन उलटा धरला होता.

शेवट रचला हा पोरवयातला फाजीलपणा म्हणता येईल. पर्सीचं तसं म्हणता येत नाही. कधी कुणाला सांगितलं नाही. इथेही लिहायचं नव्हतं.

त्याची आई जपानला कारखान्यात कामाला गेलेली. दोन हजार सालच्या फेब्रुवारीत तिने त्याला अस्सल ‘सात दिवे’ पाठवलं, तिन्ही डिस्का, खोका, जपानी पुस्तिका. भाषा कळली नाही तरी चित्रं तर दिसणार होती. शनिवारी यूरीकडे सगळ्यांनी शेवट बघायचा ठरलं. मी पर्सीला बोलवायला त्याच्या घरी गेलो. तो आत शर्ट बदलत होता, खोका पलंगावर. मी तिसरी डिस्क काढली, मागच्या अंगणात कपडे धुण्याच्या सिमेंटच्या टाकीच्या कडेवर घासली, पाण्याखाली धरली, पँटला पुसली आणि परत ठेवली. दोन मिनिटं लागली असतील. मग आम्ही दोघं बरोबर चालत गेलो. तो खोका दोन्ही हातांनी छातीशी धरून चालत होता.

डिस्क चाललीच नाही. सगळे त्याच्यावर तुटून पडले. म्हणाले, एकट्याने आधी बघितलीस, खराब केलीस आणि आता आम्हाला नाचवतोस. कुणीतरी म्हणालं, आईने पाठवलेलीच नाही, बाजारातली रद्दी आहे. पर्सी एवढंच म्हणाला की मी नाही केलं. तेव्हा मी पुढे होऊन म्हणालो, “जाऊ द्या रे, त्याला लाज वाटतेय.” आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तो परत कधी आला नाही. आम्हीही बोलावलं नाही. चोवीस वर्षं.

१८ ऑगस्ट, रविवार

पोटात दुखतंय म्हणून यूरीकडे गेलो नाही. नेलीने पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. आता खरंच दुखतंय.

२० ऑगस्ट, मंगळवार

माझा निकाल वाचून सांतियागोच्या एकाने घेतलेला खेळ परत केला. मला अभिमानाने कळवलं, ‘तुझ्या शब्दावर.’ उत्तर द्यायला बसलो, तीन वेळा लिहून पुसलं, शेवटी अंगठा दाखवणारं चित्र पाठवून दिलं. नेली म्हणते, या खेळापायी तू माणसातून उठलास. तिला काय सांगू?

ठरवलंय. रविवारी शेवटाचं सांगून टाकायचं. निदान तेवढं तरी.

२५ ऑगस्ट, रविवार

आत्ताच लिहायला हवं.

गेलो. दुसऱ्या भागाचं पुढचं प्रकरण लागणार तोच म्हणालो, थांबा, मला बोलायचंय. आणि सांगितलं. ताक्ना खोटं, शेजारी खोटे, डिस्क खोटी, इरेनाने दिवा लावला नाही, शहर वर आलं नाही, ते दंडावरचं वाक्य माझं आहे, कुणा जपान्याचं नाही. एका दमात बोललो. मान खाली.

मग मारिबेलच्या नाकातून आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. यूरी तर खुर्चीवरून घसरला.

“अरे लेका,” तो म्हणाला, “आम्हाला दोन हजार सहापासून माहीत आहे.”

पहिल्यांदा मारिबेलने पाहिलं होतं, इंटरनेटच्या दुकानात. तिने यूरीला दाखवलं, यूरीने बाकीच्यांना. सगळ्या गल्लीला माहीत आहे. मिलानवाल्यांना माहीत आहे. यूरीने गोंदवून घेतलं ते त्यानंतर, २००९ साली. जाणूनबुजून. खरा शेवट त्यांना रडका वाटला, माझा आवडला, आणि एल्मरला वाईट वाटेल म्हणून कुणी त्याच्यासमोर विषय काढायचा नाही असं परस्पर ठरून गेलं. दरवर्षी ख्रिसमसला मला तो शेवट पुन्हा सांगायला लावतात तेव्हा एकमेकांना कोपराने ढोसतात. मला वाटायचं, भक्तिभावाने ऐकतात.

अठरा वर्षं मी त्यांना भोळे समजत होतो. कान इतके तापले की चष्म्यावर वाफ आली. पण खरं सांगायचं तर त्या लाजेत थोडं सुखही होतं. यूरीने पाठीवर थाप मारली, मारिबेलने चिचा ओतला, म्हणाली, पानावरचं ते थोबाडीत वगैरे मात्र काढून टाक, खेळ चांगला आहे, म्हातारी मला फार आवडते. मी म्हणालो, मलाही. मग आम्ही तिघंही हसलो. मी सुटलो असं वाटलं.

तेवढ्यात यूरी दाणे चावत सहज म्हणाला, “पोराने गोष्ट रचली, त्याचं काय एवढं? पोरं रचतातच. मनात राहिलंय ते त्या हिगाचं. सगळ्यांची एकुलती एक खरी डिस्क, आणि त्याने एकट्याने चोरून बघून वाट लावली. ते मी नाही विसरलो.”

मारिबेल म्हणाली, हो ना, शेवटपर्यंत कबूल नाही झाला. मनाचा कोता.

मी काय केलं? मी परातीतले दाणे घेतले. खाल्ले. आणखी घेतले. मग पुढचं प्रकरण लागलं आणि मी तीन तास बसून ते बघितलं, आणि निघताना यूरीने मिठी मारली तीही घेतली.

२८ ऑगस्ट, बुधवार

सकाळी साडेसहाला नाक्यावर गेलो. धुकं होतं. रांगेत पाच जण होते. प्रत्येक माणूस पुढे सरकला की मला वाटायचं, घरी जावं.

“काय देऊ?” पर्सीने विचारलं. जसं कुणालाही विचारतो तसं. आम्ही इतक्या वर्षांत एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द. मी साधा द्यायला सांगितला, लिंबू जास्त. त्याने ओतला. मी बाजूला उभा राहून जीभ भाजून घेतली आणि गिऱ्हाईक ओसरल्यावर म्हणालो, पर्सी, ती डिस्क मी घासली होती. तुमच्या मागच्या टाकीवर.

तो फडक्याने गाडी पुसत होता. पुसत राहिला.

“माहीत आहे,” म्हणाला. “तुझी बाही ओली होती. वाटेत मी विचारलं पण तुला. तू म्हणालास, पाणी प्यायलो.”

मला हे आठवत नव्हतं. अजिबात आठवत नव्हतं.

मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीस? तो म्हणाला की कुणी ऐकलं असतं का? शेवट पाहून आलेला तू, आणि मी आईवेगळं राहणारं पोर. नंतर तीन शनिवार तो यूरीच्या कोपऱ्यावर येऊन उभा राहिला होता. त्याला वाटायचं, आज एल्मर सांगेल. आम्ही आतून ओरडतोय ते त्याला ऐकू यायचं. चौथ्या शनिवारी नाही आला.

“आईला मी पत्रात कळवलंच नाही की डिस्क चालली नाही,” पर्सी म्हणाला. “फार आवडली, म्हणून लिहिलं. ते तिचं शेवटचं पार्सल. मग तिचं तिकडेच दुसरं घर झालं.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. काय बोललो कुणास ठाऊक, शब्द एकात एक अडकले. एक मोटोटॅक्सीवाला आला, पर्सीने त्याला पेला भरून दिला, झाकणं नीट बसवली, मग माझ्याकडे वळला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

“मला काय सांगतोस? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग.”

आणि रिकामा पेला घ्यायला हात पुढे केला.

१ सप्टेंबर, रविवार

सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.

टाकी, पाणी, खांद्यावर ठेवलेला हात, सगळं. गेल्या रविवारी त्यांचं बोलणं ऐकून गप्प बसलो तेही सांगितलं. यूरीने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. मारिबेलने पर्स उचलली. दारापाशी थांबून म्हणाली, “मी त्याला मनाचा कोता म्हणाले. आणि तू दाणे खात होतास.” मग जिना उतरून गेली.

यूरी म्हणाला की त्याने माझी अठरा वर्षं मर्जी सांभाळली, अख्ख्या गल्लीला सांभाळायला लावली, आणि दोन चौक पलीकडे रोज सकाळी उभ्या राहणाऱ्या माणसाला साधा नमस्कारही केला नाही. दोन्ही माझ्यापायी. मग म्हणाला, एल्मर, आता तू जा. आवाज चढवला नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

पानावरचा निकाल काढला. खाली लिहिलं की दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे, कदाचित वरचढ, आणि मी आधी लिहिलं ते माझी लबाडी झाकण्यासाठी होतं. डिस्कचंही लिहिलं, पर्सीचं नाव घेऊन, त्याचा काही दोष नव्हता म्हणून. चारशे माणसांतून एकाचंही उत्तर नाही. सांतियागोवाल्याने पान सोडलं.

नेलीने ते वाचलंय. जेवताना ताटात भात मात्र नेहमीएवढाच वाढला.

८ सप्टेंबर, रविवार

मला कुणी बोलावलं नाही. मी अपेक्षाही केली नव्हती.

चारच्या सुमारास गच्चीवर दोरीवरचे कपडे काढायला गेलो. इथून यूरीचं दार दिसतं. शटर अर्धं खाली होतं. पर्सी आला, धुतलेला शर्ट घालून, केस ओले करून. दारासमोर थोडा वेळ उभा राहिला. बेल वाजवायला हात वर केला आणि खाली घेतला. मला वाटलं परत जाईल. तेवढ्यात यूरीनेच शटर वर ढकललं. दोघं बोलले काय ते ऐकू आलं नाही. यूरी बाजूला झाला आणि पर्सी वाकून आत गेला. मागून मारिबेल आली, हातात चिचाची बाटली.

सहा वाजेपर्यंत मी तिथेच होतो. शेवटचं प्रकरण चाललं असणार, कारण मधेच तिघांचा आवाज एकदम बंद झाला आणि बराच वेळ बंदच राहिला. मग पर्सी मोठ्याने काहीतरी म्हणाला आणि ते दोघं त्याच्यावर ओरडले, जसं फक्त आपल्या माणसावर ओरडतात तसं.

माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत तोच खेळ पडलाय. शेवट बघायचा तर तीन तासांचं काम आहे. नाही खेळलो.

नेली वर आली, कपडे हातातून घेतले, यूरीच्या खिडकीकडे बघितलं. म्हणाली, “संपलेला दिसतोय त्यांचा. काय होतं रे शेवटी त्या म्हातारीचं?”

मी म्हणालो, मला माहीत नाही.